भिंतीकडच्या मुलांनी जागा बदला

अन्याय शालन कांबळे यांच्यावर झाला. कधी झाला तेही सांगते — गेल्या वर्षी, गणपती बसायच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, दुपारी पावणेचार वाजता. त्या वेळी त्या टेबलाखाली बसल्या होत्या, उजवा हात वर, हातात बाहुली. शूटिंग अर्धं ठेवून त्यांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नका. नऊ वर्षांचं काम चार मिनिटांत संपलं. आणि ज्या तक्रारअर्जामुळे हे झालं, तो अर्ज मी लिहिला होता.

हे सगळ्यात आधी लिहिते, कारण या सदरात लोक अंगावर काटा आणणारं वाचायला येतात. मधे पोचल्यावर तुम्ही शालनताईंना विसराल. विसरू नका.

आता माझ्याबद्दल. मी कोल्हापूरची, वय सव्वीस. दहावीत असल्यापासून अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एका गटात आहे — आहे म्हणू की होते, ते पुढं कळेल. पत्रकं लिहिणं हे माझं काम. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर उभं राहून मी हजारदा ओरडलेय — पुरावा मागा, पुरावा. लिंबातून रक्त कसं काढतात, नारळातून केस कसे निघतात, हे मी यात्रेत स्टूल टाकून लोकांना दाखवलंय. अमावस्येला स्मशानात बसून डबा खाल्लाय, वांग्याची भाजी होती. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव आम्ही शिबिरात मोठ्यानं वाचायचो, कोण कुठं थापा मारतंय ते शोधायला. आता माझाच अनुभव इथं छापून येतोय. हसा. मला चालेल.

तर 'इटुकलीची शाळा'. ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना हा कार्यक्रम माहीत असेल. आमच्या जिल्ह्यातली एक छोटी केबल वाहिनी तो काढते, पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग. इटुकली म्हणजे हातात घालायची कापडी बाहुली — गव्हाळ रंग, लोकरीचे केस, कानापर्यंत फाटलेलं तोंड. ती टेबलामागून वर येते आणि पहिली ते चौथीचं काहीतरी शिकवते. हातच्याची वजाबाकी, दिशा, पाणी कुठून येतं. ज्या शाळांत नेट धड चालत नाही, तिथं महिन्याचे भाग पेन ड्राइव्हवर पाठवतात आणि गुरुजी वर्गातल्या टीव्हीला लावून देतात.

अशीच एक शाळा शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडच्या अलीकडं. गावाचं नाव देत नाही, तिथल्या गुरुजींना आधीच पुष्कळ त्रास झालाय. शाळा नदीच्या अंगाला आहे. त्या पावसाळ्यात पाणी वर्गाच्या खिडकीपर्यंत चढलेलं. पाणी उतरलं, गावानं गाळ काढला, फिनेल मारलं, भिंतींना चुना लावला आणि शाळा सुरू केली. आमच्याकडं पूर उतरला की असंच करतात. चुना लावला की झालं.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, मुलं जमिनीवर दोन ओळींत — एक ओळ खिडकीकडं, एक मागच्या भिंतीला टेकून. गुरुजींनी पेन ड्राइव्ह लावला, 'वीत आणि पट्टी' नावाचा भाग सुरू करून दिला आणि ते ऑफिसात कुठलीशी ऑनलाइन माहिती भरायला गेले. परत आले तर भिंतीकडची सगळी नऊ मुलं उठून खिडकीकडच्यांच्या अंगावर जाऊन बसलेली. का उठलात? तर म्हणाली, इटुकलीनं सांगितलं.

काय सांगितलं?

"भिंतीकडच्या मुलांनी जागा बदला."

बुधवारी त्या बाजूला कुणी बसेना. गुरुवारपर्यंत गोष्ट घराघरात गेली — बाहुली बोलली, बाहुलीत काहीतरी हाय. टीव्हीला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली. एका घरानं देवऋषी आणायचं ठरवलं. तेव्हा हेडमास्तरांनी आमच्या गटाला फोन केला आणि मी निघाले.

मी मुलांशी एकेकटं बोलले. भिंतीकडची नऊही मुलं एकच सांगत होती. मोजता मोजता इटुकली थांबली. मग तिनं पाठ फिरवली. पाठीमागं दोन वेण्या होत्या, लाल रिबन होती, फ्रॉकला बटणं होती. बराच वेळ ती तशीच राहिली, आणि तोंड न दाखवता ते वाक्य बोलली. दोनदा. खिडकीकडच्या मुलांना विचारलं तर ती म्हणाली, आम्हाला असलं काय दिसलंच न्हाय. मी वहीत लिहून टाकलं — यांचं लक्ष नव्हतं.

मी तो भाग बघायला हवा होता. पेन ड्राइव्ह समोर होता. पण लाइट गेली होती, संध्याकाळी येईल म्हणाले, आणि मला एसटी गाठायची होती.

लोकांना दहा वर्षं 'पुरावा मागा' सांगणारी मी — एसटी चुकेल म्हणून पुरावा न बघता परत आले. एसटीतच मोबाइलवर अर्ज लिहिला. 'बालमनात भीती पेरणारा, अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा भाग' — अशी वाक्यं मला झोपेतही येतात. खाली 'संबंधित कलाकारावर तातडीने कारवाई करावी'. वाहिनीला पाठवला, चार ग्रुपवर टाकला, दोन पत्रकारांना पाठवला. कोल्हापूर येईपर्यंत तो सगळीकडं फिरला होता. शुक्रवारी पावणेचार वाजता काय झालं ते वर सांगितलंच.

रविवारी सकाळी आमच्या दारात एक बाई. पन्नाशीच्या, बारीक, खांद्याला कापडी पिशवी. आईनं आत बसवलं. मी बाहेर आले तर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तूच का ती पत्रकवाली?"

"हो."

"मी शालन कांबळे. इटुकलीतला हात. भाग बघितलास?"

मी आईकडं बघितलं.

"न्हाय बघितलास. बरं. पाणी दे जरा, मंग भांडूया."

पाणी प्यायल्यावर त्या भांडल्या नाहीत. नीट बोलल्या, आणि ते भांडण्यापेक्षा वाईट होतं. "आमच्या आज्यानं छप्पन साली घरातलं देव पंचगंगेत सोडलं. तवापास्नं आमच्या उंबऱ्याला लिंबू लागलं न्हाय. पोरीला गोवर आला, शेजारीण म्हणाली देवीचं हाय, मी डॉक्टरकडं घेऊन गेले. आणि तू मला अंधश्रद्धा पसरवणारी म्हणतीस. चार ग्रुपवर."

आई आत भांडी विसळत होती, भांड्यांचा आवाज थांबला.

मी मुलांचं सांगणं वहीतून वाचून दाखवलं. पाठ फिरवली, इथपर्यंत आले आणि त्या म्हणाल्या, "थांब."

पिशवीतून त्यांनी इटुकली काढली. कार्यक्रमातली नव्हे, ती स्टुडिओतच असते. ही सरावाची, त्यांनीच शिवलेली. उजवा हात आत घातला आणि ते चिरगुट एकदम माझ्याकडं बघायला लागलं. यात काही गूढ नाही, त्यांचं कसबच तसं आहे. मग त्यांनी हात वळवला.

इटुकलीला पाठ नाही. मानेपासून खालपर्यंत कापड उघडं, कडेला इलॅस्टिक, आणि आतून शालनताईंचा हात कोपरापर्यंत दिसतो. केसही कपाळापासून टाळूपर्यंतच. मागं लोकर लावलेलीच नाही, कारण कॅमेऱ्याला मागचं दिसत नाही.

"आमच्यात पयलं हेच शिकवत्यात," त्या म्हणाल्या. "बाहुली कवा पाठ करत न्हाय. भांडली, रुसली, झोपली तरी तोंड पोरांकडं. पाठ केली की आतला हात दिसला, आणि हात दिसला की पोरांचं सगळं संपलं. नऊ वर्सांत एकदाबी माझ्याकडनं पाठ झाल्याली न्हाय. आता सांग, बटणं कुठं हाईत?"

बटणं कुठंच नव्हती.

"कुणी कॉम्प्युटरवर काहीतरी केलं असेल," मी म्हणाले.

"कोण करंल? आमच्याकडं एक कॅमेरावाला आणि एक एडिटिंगवाला. त्याला माझं नाव शेवटी टाकायला नऊ वर्सं येळ मिळाला न्हाय."

तेव्हा मी योजना सांगितली. येत्या मंगळवारी त्याच वर्गात, त्याच टीव्हीवर, तोच पेन ड्राइव्ह सगळ्या गावासमोर लावायचा. मुलांना त्याच भिंतीला बसवायचं. शालनताईंनी आधी इटुकलीची उघडी पाठ दाखवायची. भागात काही नाही हे सिद्ध होईल, गावाची भीती जाईल, आणि मी अर्ज मागं घेईन. प्रात्यक्षिक — आमच्या गटाचं हेच हत्यार. योजना चांगली होती. अजूनही म्हणते.

"मागं घेशील म्हंजे तोंडानं?"

"लेखी."

"लेखी," त्या म्हणाल्या आणि इटुकली पिशवीत घातली. तोंड वर करून, डोळ्यांवर रुमाल टाकून. हीसुद्धा त्यांच्यातली रीत.

मंगळवारी आम्ही एसटीनं कुरुंदवाड आणि तिथून वडापच्या जीपनं गावात. शाळेसमोर पन्नासेक माणसं. खिडकीत बाप्ये, दारात बाया, सगळ्यांच्या हातात मोबाइल. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, त्या बाईचं आडनाव काय म्हणालासा?" मी सांगितलं. त्यानं "व्हय का" म्हणून शेजारच्याकडं बघितलं आणि दोघांनी मान हलवली. तिथल्या तिथं त्याला झाडायला पाहिजे होतं. मी म्हटलं, आधी प्रात्यक्षिक होऊ दे. ही त्या आठवड्यातली माझी दुसरी चूक.

शालनताईंनी मुलांना बाहुली दाखवली, पाठ दाखवली, एकेकाला आत हात घालू दिला. मुलं हसली. समृद्धी नावाची तिसरीतली एक मुलगी मात्र हसली नाही. भिंतीकडच्या ओळीतली. बाहुली हातात घेतली, उलटी केली, परत दिली.

"ही न्हवं," ती म्हणाली. "तिची पाठ शिवल्याली हुती."

"अगं, पण टीव्हीतली बाहुलीही अशीच आहे," मी म्हणाले.

"मी खोटं बोलत न्हाय."

"तू खोटं बोलतीस असं मी कुठं म्हटलं?"

"वहीत लिवलायसा की. लक्ष नव्हतं म्हणून."

मी खिडकीकडच्या मुलांबद्दल लिहिलं होतं, तिच्याबद्दल नाही. पण मुलांनी माझी वही वाचली होती आणि त्यांना एवढं पुरेसं होतं.

भिंतीला बसायला कुणी तयार होईना. मग मी आधी बसले. मागं टेकून, मांडी घालून. चुन्याच्या आतून ओल लागत होती, कुडता पाठीला चिकटला. म्हटलं, या, मी आहे की. एकेक करून आठ मुलं आली. समृद्धी आईचा पदर सोडेना. तिची आई मला म्हणाली, "ताई, तुमच्या जबाबदारीवर हां."

"माझ्या जबाबदारीवर," मी म्हणाले, मोबाइलकडं बघून, मोठ्यानं.

समृद्धी येऊन माझ्या डाव्या हाताला बसली. शालनताई समोर खिडकीजवळ, गुरुजींच्या शेजारी खुर्चीवर. गुरुजींनी टीव्ही लावला.

गाणं झालं. इटुकली वर आली. शालनताईंचाच आवाज, पण पुस्तकी, स्वच्छ. "आज आपण बाक मोजूया. एक वीत... दोन विती... तीन विती... माझ्या वितीनं बाक सात विती भरला. आता गुरुजी मोजतील. गुरुजींचा हात मोठा, मग विती जास्त होतील की कमी?" खिडकीकडची मुलं ओरडली, कमी. माझ्या ओळीतलं कुणी बोललं नाही.

मी टीव्हीकडं बघत होते. मला झोप आलेली नव्हती, मला ताप नव्हता, सकाळी पोहे-चहा झालेला होता. हे सगळं मीच दुसऱ्यांना विचारते म्हणून सांगते.

इटुकली बोलता बोलता थांबली. तोंड अर्धं उघडं. आणि सावकाश वळली.

पाठ होती. शिवलेली. निळ्या फ्रॉकची पाठ, लोकरीच्या दोन वेण्या, लाल रिबन. वेण्या हलत नव्हत्या. टीव्हीतून कसलाही आवाज नाही, आणि वर्गातलाही आवाज मला येईनासा झाला. समोर खिडकीतली माणसं बोलताना दिसत होती, तोंडं हलत होती, ऐकू येत नव्हतं. एवढंच ऐकू येत होतं — शेजारी समृद्धीचा श्वास.

"भिंतीकडच्या मुलांनी जागा बदला."

ओरडून नाही. घाबरवायला नाही. वर्गात बाई सांगतात तसं.

आता मी काय विचार केला ते लिहिते, कारण त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी मुलांचा विचार केला नाही. मी विचार केला, की मी आत्ता उठले तर पन्नास मोबाइलात येईल. दहा वर्षं पाण्यात. शालनताईंचं काम गेलं ते गेलंच. बसून राहिले तर दोन मिनिटांत पट्टी येईल, भाग संपेल, टाळ्या. समृद्धीनं माझ्या दंडाला धरलं. मी तिला म्हणाले — मला आठवतंय, मी म्हणाले — "बस."

मग इटुकली दुसऱ्यांदा बोलली. तेच वाक्य, त्याच सुरात. पण या वेळी 'बदला' म्हणून झाल्यावर ती तशीच थांबून राहिली, जशा बाई थांबतात, मुलं उठेपर्यंत.

"उठा," मी म्हणाले. "सगळी उठा. दप्तरं राहू देत. बाहेर."

मुलं माझं वाक्य संपायच्या आत दारात होती. मी शेवटी उठले आणि मगच वर्गातला आवाज परत आला — खिडकीतलं हसणं.

"काय वो ताई, तुमीच भ्याला?"

"बाहुलीनं डोळा मारला काय?"

शालनताई माझ्याकडं आल्या. "काय झालं गं? उठवलंस का पोरास्नी?"

"तुम्हाला... दिसलं नाही?"

"काय दिसायचं? पट्टी आली की आत्ता."

मी वळून बघितलं. टीव्हीवर इटुकली समोर तोंड करून उभी होती, हातात पट्टी, आणि बारा इंच म्हणजे एक फूट असं सांगत होती.

मी सगळ्यांना सांगितलं, ती भिंत धोक्याची आहे. भिंत उभी होती. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, अर्धा तास झाला. मी बाहेर कट्ट्यावर बसलेले, समोर हेडमास्तर. ते वाईट माणूस नाहीत, पण तेही म्हणाले, "मॅडम, भिंत उभीच हाय की." गर्दी पांगायला लागली.

तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. पहिली, आमच्या गटाची पद्धत — दोन साक्षीदार असतील तर त्यांनी एकमेकांशी बोलायच्या आधी वेगवेगळं लिहायचं. मी वहीत लिहिलं, पाठीवर काय काय दिसलं. समृद्धीला कागद देऊन लांब, शालनताईंजवळ बसवलं आणि म्हटलं, आज बघितलेली पाठ काढ. दुसरी गोष्ट निव्वळ हट्टानं केली. गावातल्या गवंड्याला बोलवायला लावलं. बाबालालचाचा म्हणून म्हातारे गृहस्थ. ते आले, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गेले, बोटानं टकटक केलं, मग खाली बसून चुना खरवडला आणि पायाशी सळई घातली. सळई आत गेली. कुठंही न अडता, त्यांच्या मुठीपर्यंत.

त्यांनी ती तशीच सोडली आणि उठून चार पावलं मागं आले.

"खाली कायबी न्हाय," ते म्हणाले. "पाण्यानं सगळं नेलंय. ही भिंत नुसती सवयीनं उभी हाय."

कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून वर्ग समाजमंदिरात भरायला लागला. पुढच्या आठवड्यात भिंत उतरवली. ढकलावी लागली नाही फारशी, असं गुरुजी फोनवर म्हणाले.

आता तुम्ही जे म्हणाल ते मी स्वतःला आधीच म्हटलंय. ओल पाठीला लागत होती, मुलांना ती रोज लागत होती. भिंत धोक्याची आहे हे अंगाला कळलं असेल आणि मनानं ते बाहुलीच्या तोंडी घातलं असेल. मला तर मुलांनी आधीच सगळं सांगितलं होतं — वेण्या, रिबन, बटणं. जे ऐकलं तेच दिसलं. असं मी दुसऱ्याला नक्की समजावलं असतं, आणि चांगलं समजावलं असतं.

पण माझ्या वहीत लिहिलं होतं — 'वर दोन बटणं, तिसऱ्याच्या जागी सेफ्टी पिन, आडवी'. पिनेबद्दल गुरुवारी एकाही मुलानं सांगितलेलं नाही. माझी वही आहे, दहा वेळा तपासली. आणि समृद्धीच्या कागदावर वर दोन गोल होते, त्याखाली एक आडवी रेघ. शालनताईंनी तिला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "पिन. बटण तुटल्यालं हुतं तिचं."

याला माझ्याकडं उत्तर नाही. वर्षभर शोधलं. पेन ड्राइव्ह दोघा जाणकारांनी तपासला, त्यात 'वीत आणि पट्टी'शिवाय काही नाही. चार मोबाइलांत अख्खा भाग शूट झालाय. चारही मी बघितले, आणि या वेळी पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत बघितले. इटुकली कुठंही पाठ करत नाही. पट्टी यायच्या जरा आधी मी समृद्धीला 'बस' म्हणते, मग सगळ्यांना उठवते. माझं तोंड बघण्यासारखं आहे. हा तुकडा पुष्कळ फिरला — 'अंधश्रद्धावाली बाई बाहुलीला भ्याली'. तुमच्याकडंही आला असेल. आमच्या गटानं मला 'काही काळ विश्रांती' दिली आणि याबद्दल लिहू नकोस असं सांगितलं. लिहितेय.

पण माझं सोडा. शालनताईंचं काय झालं ते ऐका.

मी लेखी अर्ज मागं घेतला. वाहिनीच्या साहेबांनी तो वाचला आणि विचारलं, "म्हणजे भागात काही नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि तुम्हाला दिसलं म्हणता ते?"

"ते दिसलं."

"मग कार्यक्रमात काहीतरी आहे ना, मॅडम. आम्हाला वाद नको." मग खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "असं करा. तुम्हाला काही दिसलं नाही आणि मुलं खोटं बोलली, एवढं लिहून द्या. बाईंना उद्या परत घेतो."

एक ओळ. माझ्या एका ओळीनं त्यांचं काम गेलं, एका ओळीनं परत येत होतं. मी घरी जाऊन ती लिहिली, खोटं सांगत नाही. सही करायच्या आधी शालनताईंना दाखवायला नेली. त्या साड्यांना फॉल लावत बसल्या होत्या, आता तेच करतात. वाचून त्यांनी कागद चार घड्या करून सुईच्या डबीखाली ठेवला.

"पयल्यांदा न बघता मला खोटी पाडलीस. आता बघून पोरास्नी पाडणार?"

"तुमचं काम परत मिळेल."

"मला टेबलाखालची माझी जागा पायजे. व्हय, पायजे. पण त्या पोरांच्या अंगावर पाय देऊन मी तिथं बसले, तर उद्या त्यास्नीच काय शिकवू?"

"मग तुम्हाला काय वाटतं? कोण बोललं ते?"

"भूतबीत म्हणू नको. आत माझा हात असतोय, दुसरं कुणी मावायचं कुठं?" त्यांनी दोरा दातानं तोडला. "मला ठावं न्हाय. तुला ठावं न्हाय. न्हाय ठावं असं म्हणायला लोकांस्नी लाज का वाटती कुणास ठाऊक."

इटुकलीत सध्या दुसराच कुणाचा तरी हात आहे. तोंड शब्दाच्या आधी उघडतं. मुलांना ते कळतं. समृद्धीनं टीव्हीकडं बघायचं सोडलंय, असं गुरुजी सांगतात.

म्हणून हे लिहिलं. मला तुमची स्पष्टीकरणं नकोत, अंगारा नको, 'आमच्याकडंही असंच झालेलं' नको. मला एक पत्र पाहिजे, आणि ते मला नाही, त्या वाहिनीला पाहिजे. 'इटुकलीची शाळा'च्या शेवटी पडद्यावर वाहिनीचा पत्ता येतो — शालनताईंचं नाव नऊ वर्षांत कधी आलं नाही, पत्ता रोज येतो. तो उतरवून घ्या. लिहा, की भागात ते वाक्य नाही, चार मोबाइल साक्षीला आहेत. लिहा, की मुलं खोटं बोलली नाहीत, ती भिंत साक्षीला होती. दोन्ही खरं असेल तर त्यात शालन कांबळे यांचा गुन्हा कुठला, ते दाखवा, नाहीतर त्यांना कामावर परत घ्या. खाली स्वतःचं नाव, गाव आणि सही. निनावी नको.

हे पान बाजूला ठेवायच्या आधी कागद घ्या.